सहा आण्यांत बारा शब्द: जुन्या काळी तार करायची तर नियम आणि दर काय होते?

चौकस_काका

१४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा (टेलिग्राम) घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तार ऑफिसातली ती खिडकी बंद झाली. तेव्हापासून तारेवर जे काही वाचायला मिळतं त्यात बहुतेक एकच प्रसंग असतो: तार आली, कोणी वाचायच्या आधीच घरात रडारड. खोटं नाही ते. पण मला पाहिजे आहे तो पलीकडच्या टोकाचा माणूस, म्हणजे तार करणारा. खिडकीशी उभा राहून तो नेमके कशाचे पैसे मोजायचा? मजकुराचे? पत्त्याचे? सहीचे? की घाईचे?

जुनी वार्षिकं आणि टपाल खात्याची माहितीपत्रकं चाळून माझ्यापाशी जमलंय ते असं. विसावं शतक उजाडलं तेव्हा देशांतर्गत तारेचे तीन वर्ग होते. तातडीची दोन रुपये, साधी एक रुपया आणि सावकाशची आठ आणे (सोळा आण्यांचा रुपया). प्रत्येकीत शब्द आठ, पत्ता फुकट. वरच्या प्रत्येक शब्दाला अनुक्रमे चार, दोन आणि एक आणा. १९०४ च्या जानेवारीपासून, म्हणजे व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीत, सगळ्यात खालचा दर एकदम चार आण्यांवर आला आणि शब्दही दहा झाले. मात्र पत्ता त्या दहांतच धरायचा. १९०९ मध्ये तीनाचे दोनच वर्ग उरले: एक्स्प्रेस एक रुपया, ऑर्डिनरी सहा आणे, बारा शब्द पत्त्यासकट. ऑर्डिनरीला पुढच्या शब्दाला अर्धा आणा. पहिलं महायुद्ध संपून विसाचं दशक लागलं तेव्हा हेच दर दीड रुपया आणि बारा आणे झालेले दिसतात, वरच्या शब्दाला दोन आणे आणि एक आणा.

माझा प्रश्न असा की १९०४ ची स्वस्ताई खरी होती की नुसती दाखवायची? पत्ता फुकट होता तो मोजायला लागले, हे कोणी फारसं बोलत नाही. जाणकारांनी आणि ज्यांच्या घरात जुनी कागदपत्रं आहेत त्यांनी भर घालावी.

निशिगंध_ठाणे

मस्त विषय काका. वाचनखूण साठवली आहे.

एक भाबडी शंका: पुणे-मुंबई आणि पुणे-कलकत्ता, दोन्हीला तेवढेच पैसे? अंतराचा काहीच फरक नाही?

चौकस_काका

काही नाही. पुण्याहून लोणावळ्याला करा नाहीतर रंगूनला करा, सहा आणेच. (ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानातच मोडत होता.) सिलोनला मात्र वेगळा दर. विसाच्या दशकात तिकडची ऑर्डिनरी एक रुपया आणि एक्स्प्रेस दोन.

अगदी सुरुवातीला अंतराचे पैसे होते. १८५५ मध्ये तार लोकांसाठी खुली झाली तेव्हा सोळा शब्दांना दर चारशे मैलांमागे एक रुपया पडायचा. म्हणजे घोडागाडीच्या टप्प्यांचाच हिशेब तारेला लावला होता. एकोणिसावं शतक संपेपर्यंत तो हिशेब सुटला.

अर्धाआणा

काका, तुमच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देतो. नाव बघा माझं, हक्कच आहे.

समजा मुंबईला पोचलेला मुलगा पुण्याला घरी तार करतोय. पत्ता: जोशी, ३१२, सदाशिव, पेठ, पूना. झाले पाच शब्द. मजकूर इंग्रजीत, कारण तारबाबूंचं सगळं इंग्रजीतच: 'रीच्ड सेफली सेंड ट्रंक पॅसेंजर गोविंद'. सहा शब्द. एकूण अकरा.

१९०३ साली हा मजकूर आठाच्या आत बसतो, पत्ता फुकट. सावकाशची केली तर आठ आणे, साधी केली तर रुपया. १९०४ साली दहाची हद्द एका शब्दाने ओलांडते. मग गोविंदा काय करणार? 'सेफली' काढणार. तार करतोय म्हणजे सुखरूपच पोचलाय की! राहिले दहा शब्द, चार आणे. १९०९ नंतर 'सेफली' परत घाला, तरी एक शब्द शिल्लक राहतो, पण पैसे सहा आणे.

आता लांब तार घेऊ. मजकूर वीस शब्दांचा, पत्ता तोच पाच शब्दांचा. १९०३ साली साधी: आठ शब्दांचा रुपया आणि वरच्या बारा शब्दांचे दोन आण्यांप्रमाणे चोवीस आणे, एकूण अडीच रुपये. सावकाशची सव्वा रुपया. १९०९ नंतरची ऑर्डिनरी: पंचवीस शब्द, बारांचे सहा आणे आणि वरच्या तेरांचे साडेसहा, एकूण साडेबारा आणे. पत्ता मोजूनसुद्धा जुन्या सावकाशपेक्षा स्वस्तच.

तेव्हा स्वस्ताई खरीच होती. पत्त्याची चलाखी होती, पण तिने फायदा खाल्ला नाही. खरी गोम पुढे आहे. चार आण्यांचे सहा झाले १९०९ ला, आणि सहाचे बारा व्हायला पुढची पंधरा वर्षंही लागली नाहीत. लोकांना सवय लावली आणि मग दर चढवले. हल्लीच्या मोबाइल कंपन्यांनी नवीन काही शोधलेलं नाही.

विदर्भवासी

अर्धाआणा भाऊ, हिशोब बरोबर, पण आणे-रुपये पाहून आजच्या माणसाला काही समजत नाही ना. त्या वेळी पोस्टकार्ड एका पैशाला होतं (पाव आणा, १८७९ पासून). सहा आण्यांत चोवीस कार्डं येतात. म्हणजे एक तार म्हणजे चोवीस पत्रं. असं सांगाल तर कळेल की साधा शेतकरी तारेच्या वाटेला का जात नव्हता.

अर्धाआणा

वा, हे माप चांगलं आहे. आणि गंमत बघा: १९२२ ला कार्ड अर्ध्या आण्याचं झालं, तोवर तारही बारा आण्यांवर गेलेली. पुन्हा चोवीसच कार्डं! एक्स्प्रेसवाल्याला १९०९ ला चौसष्ट कार्डांइतके मोजावे लागत, १९२२ नंतर अठ्ठेचाळीस. म्हणजे कार्डाच्या मापाने बघितलं तर घाई थोडी स्वस्तच झाली.

कडकट्ट

मी तार खात्यात आयुष्य काढलंय. सत्तरच्या दशकात लागलो तेव्हाही मोर्स शिकावंच लागायचं, साउंडरवर (येणाऱ्या तारेचे ठोके ऐकवणारं यंत्र). आमच्या ऑफिसातल्या जुन्या मंडळींनी साउंडरच्या मागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा अडकवलेला असायचा, म्हणजे आवाज खणखणीत यायचा आणि शेजारच्या टेबलाच्या आवाजात मिसळायचा नाही. नवीन पोराने तो डबा हलवला तर शिव्या पडायच्या.

इथे सगळे शब्द मोजायच्या नियमाकडे पैशांच्या बाजूने बघताहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तारेच्या मजकुराआधी आम्ही जे पाठवायचो त्यात वर्ग, नंबर, कुठून, तारीख, वेळ आणि शब्दसंख्या असायची. घेणारा मजकूर उतरवून घेतला की शब्द मोजायचा. बारा लिहिलेत आणि अकराच आले, तर लाइन सोडायची नाही, परत विचारायचं. पंधरा सांगितलेत आणि सोळा निघाले, तर कुठेतरी एका शब्दाचे दोन झाले असणार. म्हणजे ज्या आकड्यावर गिऱ्हाईकाचे पैसे ठरले, त्याच आकड्यावर आमची चूक पकडली जायची. शब्द मोजण्यात ढिलाई केली असती तर तिजोरीचं नुकसान एका बाजूला, मजकूर पोचला की नाही हेच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे 'सावकाश' तारेला लोक उगीच हसतात. तिच्यातही लाइन तीच, हात तेच, मोर्सही तोच. फरक फक्त रांगेचा. दिवसभर तातडीच्या आणि साध्या तारा जायच्या, रात्री लाइन मोकळी झाली की सावकाशच्या निघायच्या आणि सकाळी वाटल्या जायच्या. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते रांगेतल्या जागेचे. एक्स्प्रेस-ऑर्डिनरीतही तेच राहिलं.

चौकस_काका

कडकट्ट साहेब, हेच हवं होतं. सरकारी तारा कुठे बसायच्या या रांगेत?

कडकट्ट

सगळ्यांच्या डोक्यावर. 'क्लिअर द लाइन' असा शेरा असला की बाकी सगळं थांबायचं. हातातली तार अर्धी सोडून ती घ्यायची. हा शेरा मारायचा अधिकार मोजक्या लोकांनाच होता.

तिकीटवेडा

माझा प्रांत आला म्हणून उडी मारतो.

तारेचे पैसे भरायला १८६० पासून तारेची वेगळी तिकिटं होती. ही तिकिटं उंच असायची आणि त्यांच्यावर राणीचा चेहरा दोनदा छापलेला, एक वर, एक खाली. कारण तिकीट मधोमध कापायचं होतं. खालचा अर्धा तारेच्या फॉर्मवर चिकटवायचा, वरचा अर्धा गिऱ्हाइकाच्या पावतीवर. म्हणजे पैसे घेतल्याचा पुरावा दोघांकडे राहिला आणि तेच तिकीट दुसऱ्यांदा वापरायची सोय उरली नाही.

फॉर्म खात्यातच राहायचे आणि मुदत झाली की नष्ट व्हायचे. पावत्या लोकांच्या घरी. म्हणून आज बाजारात वापरलेले वरचे अर्धे भाग ढिगाने मिळतात, खालचे शोधावे लागतात. मला जुन्या वहीत चिकटवलेली अशी वरची अर्धुकं मिळालीत, कात्रीची कड वाकडीतिकडी. घाईत कापलेलं सरळ कळतं. १९०८ मध्ये ही तिकिटं बंद केली आणि साधी टपालाचीच तिकिटं तारेला चालू लागली.

सिंदबाद

१९०८ म्हणजे तारवाल्यांच्या संपाचंच साल ना? एप्रिलमध्ये मोठा संप झाला होता, रंगून, कलकत्ता, मुंबई, मद्रास सगळीकडे. चार आण्यांच्या तारेने काम फुगलं होतं, तेही त्यामागे असणारच. काकांनी स्वस्ताई खरी की खोटी विचारलं, पण त्या स्वस्ताईचा भार टेबलावर बसलेल्यांनी उचलला, हे धाग्यात यायला पाहिजे.

कडकट्ट

शंभर टक्के. दर कमी करायचा निर्णय वर होतो, तारा मात्र खालच्याच हातांनी पाठवायच्या असतात.

परदेशी_पाहुणी

कोणी परदेशी तारांचं सांगेल का? माझ्या माहेरी एक गोष्ट सांगतात: घरातले एक आजोबा शिकायला विलायतेला गेले तेव्हा बोट पोचल्यावर त्यांनी एकाच शब्दाची तार केली होती. मला वाटायचं चिक्कूपणा. खरंच इतकी महाग होती?

अर्धाआणा

ताई, चिक्कूपणा नव्हे, शहाणपण.

हिंदुस्थान-विलायत दर १९०२ च्या आधी शब्दाला चार शिलिंग होता, १९०२ ला अडीच शिलिंग झाला आणि १९०५ ला दोन. रुपया तेव्हा सोळा पेन्सांना बांधलेला (बारा पेन्सांचा शिलिंग), म्हणजे दोन शिलिंग = दीड रुपया. एका शब्दाला. पत्ता धरून. बारा शब्द केले तर अठरा रुपये. त्याच बारा शब्दांना देशात सहा आणे, म्हणजे अठ्ठेचाळीस पट. आणि विलायतेला पत्र एका आण्यात जायचं (१८९८ च्या डिसेंबरपासून), फक्त पंधरवडाभर वाट बघायची.

आजोबांनी 'रीच्ड' एवढाच शब्द पाठवला, तरी पत्त्याचे दोन-तीन शब्द धरून पाच-सहा रुपये गेलेच असतील.

चौकस_काका

यात भर. परदेशी तारांचे नियम आंतरराष्ट्रीय करारानुसार चालायचे, आणि ते वाचताना मजा येते. साध्या भाषेतला शब्द पंधरा अक्षरांपर्यंत एक धरायचा, सोळावं अक्षर आलं की दुसरा शब्द सुरू. आकडे असतील तर पाच आकड्यांचा एक शब्द, आणि अपूर्णांकाची रेघ किंवा दशांशाचा ठिपकासुद्धा एक आकडा. शब्दाखाली रेघ मारायला सांगितली तर तिचा एक शब्द. कंसाच्या जोडीचा एक शब्द. मात्र ज्या गावाला तार जायची त्या गावाचं नाव पत्त्यात कितीही लांब असो, एकच शब्द.

'आरपी' म्हणजे उत्तराचे पैसे आधीच भरले. 'टीसी' म्हणजे सगळी तार टप्प्याटप्प्यावर परत वाचून ताडून घ्यायची. देशांतर्गत त्याला तारेच्या निम्मे पैसे जादा. ही अक्षरं पत्त्याच्या आधी यायची आणि तीही एक शब्द म्हणून मोजली जायची. म्हणजे काळजी घ्या असं सांगायलाही पैसे.

१९१२ पासून परदेशी तारांना अर्ध्या दराची सवलतीची तार निघाली: साध्या भाषेत लिहा, सांकेतिक शब्द घालू नका, आणि पूर्ण पैशांच्या तारा गेल्या की मग तुमची जाईल. पुन्हा रांगच!

सिंदबाद

'सांकेतिक शब्द घालू नका' या अटीतच सगळं आलं. पूर्ण दराने तार करणारा व्यापारी कधी साध्या भाषेत लिहायचाच नाही.

मुंबईच्या कापसाच्या पेढ्यांवर सांकेतिक कोशांचे जाडजूड ग्रंथ असायचे. एबीसी कोड हा त्यातला जुना आणि प्रसिद्ध. त्यात एका शब्दाला एक आख्खं वाक्य नेमलेलं: 'माल अमुक महिन्यात चढवू', 'तुमचा भाव मान्य नाही' अशा धर्तीची. पाठवणाऱ्यापाशी आणि घेणाऱ्यापाशी एकाच आवृत्तीचं पुस्तक असलं की झालं.

१९०६ ला बेंटलीचा कोड आला त्याने कमालच केली. नियम काय होता? सांकेतिक शब्द दहा अक्षरांपर्यंत एक धरायचा आणि तो उच्चारता आला पाहिजे. १९०३ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय तार परिषदेत बनावट शब्दही चालतील असं ठरलं होतं. बेंटलीने सगळे शब्द पाच अक्षरी केले. दोन शब्द जोडा, दहा अक्षरं, पैसे एका शब्दाचे! दीड रुपयात दोन वाक्यं विलायतेला. कायद्याच्या चौकटीत राहून सरकारला निम्म्यात गुंडाळलं.

निशिगंध_ठाणे

हाहाहा! 'उच्चारता आला पाहिजे' हे कोण ठरवणार? खिडकीवरच्या तारबाबूला उच्चारता आला नाही तर?

सिंदबाद

तिथेच भांडणं व्हायची. कोणत्या भाषेत उच्चारता आला पाहिजे यावर काथ्याकूट व्हायचा. पोलिश माणसाला जे सहज म्हणता येईल ते आपल्याला जमेल का?

महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या ऑगस्टपासून हे सगळं बंद पडलं. सेन्सॉर बसला, सांकेतिक भाषा बंद, संक्षिप्त पत्ते बंद, पाठवणाऱ्याचं नाव शेवटी लिहिलंच पाहिजे. पुढे काही मोजके छापील कोश चालतील अशी मुभा मिळाली, पण कोणता कोश वापरला ते सांगायचं. म्हणजे सेन्सॉरनेही तेच पुस्तक उघडून वाचायचं.

परदेशी_पाहुणी

संक्षिप्त पत्ते म्हणजे काय?

चौकस_काका

पत्त्याचे पैसे लागतात म्हटल्यावर त्यावर निघालेला तोडगा. वर्षाची फी भरून पेढीने तार ऑफिसात एक शब्द नोंदवायचा. तार त्या एका शब्दावर आणि गावाच्या नावावर यायची. पूर्ण पत्ता तार ऑफिसच्या रजिस्टरात. जुन्या पेढ्यांच्या, छापखान्यांच्या बिलांवर वरच्या कोपऱ्यात 'तारेचा पत्ता' म्हणून एक शब्द असतो, तो हा. बघा ना, १९०४ ला पत्ता मोजायला लागल्याचा त्रास कोणाला झाला? वर्षाला हजारो तारा येणाऱ्याला नाही, त्याने एक शब्द नोंदवून घेतला. त्रास झाला तो 'अमक्याच्या वाड्यात, तमक्या मारुतीसमोर, मागच्या जिन्याने वर' असा पत्ता असलेल्याला.

विदर्भवासी

हे अगदी बरोबर पकडलं काका. माझा मुद्दा हाच आहे. अर्धाआणा भाऊंचा जोशी पाच शब्दांत बसला, कारण तो सदाशिव पेठेत राहत होता. आमच्याकडल्या खेड्यात तार ऑफिसच नव्हतं. मग? जवळच्या रेल्वे स्टेशनात जायचं. रेल्वेची तार लोकांच्या पैशांच्या तारा घ्यायची. तिथून पुढे माणूस पाठवायचा तो खर्च वेगळा.

अर्धाआणा

मान्य. माझा जोशी शहरी होता. तुमच्या गावाचं नाव, तालुक्याचं नाव आणि रेल्वे स्टेशन घातलं तर पत्त्यातच आठ शब्द जातील आणि मजकुराला चार उरतील. त्या माणसाला १९०४ च्या आधीचा 'पत्ता फुकट' परवडला असता की १९०९ नंतरचा सहा आण्यांचा, हे सांगायला मजकूर किती लांब ते बघायला हवं. चार शब्दांच्या मजकुराला सहा आणे, आधी आठ. तरी दोन आणे वाचले. पण फायदा अगदीच पातळ झाला, हे खरं.

निशिगंध_ठाणे

मराठीत तार करता यायची का?

कडकट्ट

रोमन अक्षरांत लिहिली तर यायची. आमच्या वेळी यायच्या अशा तारा. पाठवणाऱ्या बाबूला मराठी येत नसेल तर त्याच्यासाठी तो नुसता अक्षरांचा ढीग, म्हणून चुका जास्त. पण शब्दांच्या हिशेबात मराठी फायद्याची. 'फ्रॉम पूना' दोन शब्द, 'पुण्याहून' एकच. 'विथ मदर' दोन, 'आईसह' एक. ज्यांना हे कळलं ते मराठीतच करायचे. देवनागरीतून तार स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये सुरू झाली.

आणि १९३०च्या दशकात आलेल्या आकड्यांच्या शुभेच्छा विसरू नका! छापील यादी असायची, दिवाळी, ईद, लग्न, परीक्षा. मजकुराऐवजी नुसता आकडा लिहायचा. लग्नसराईत आठ नंबर आणि सोळा नंबर इतके वाजवलेत की बोटांनाच पाठ झाले होते. आठ म्हणजे सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. सिंदबादने सांगितलेला व्यापाऱ्यांचा कोड शेवटी सरकारनेच घराघरात पोचवला, असं म्हणायला हरकत नाही.

वकिली_डोकं

धागा उशिरा पाहिला. दरांबद्दल काही सांगणार नाही, जबाबदारीबद्दल सांगतो.

तार चुकली, उशिरा पोचली, पोचलीच नाही, आणि तुमचं नुकसान झालं. दाद कुठे? १८८५ च्या तार कायद्याचं नववं कलम सांगायचं, सरकार जबाबदार नाही. कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे, दुष्टपणे किंवा लबाडीने केलं असेल तरच तो स्वतः जबाबदार. म्हणून 'टीसी'ला निम्मे पैसे जादा देणारे लोक वेडे नव्हते. लाखाच्या सौद्यात एक शून्य कमी झालं तर भरपाई कोणाकडे मागणार?

दुसरं, खोटी तार. 'आई आजारी, ताबडतोब निघ' अशी खोटी तार करून पोराला लग्नाला बोलावून घेतल्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे जाणूनबुजून खोटी तार करणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता! तार खात्याच्या माणसाने मजकूर बदलला किंवा बाहेर फोडला तर त्यालाही २६ व्या कलमाखाली तीन वर्षं.

आणि पुराव्याचा कायदा, १८७२, कलम ८८: तार ऑफिसात जो मजकूर दिला तोच पुढे पोचला असं न्यायालय गृहीत धरू शकत होतं, पण ती तार कोणी दिली याबद्दल काहीच गृहीत धरायचं नाही. खिडकीवर कोणीही येऊन कोणाच्याही नावाने फॉर्म भरू शकतो, हे कायद्याला पक्कं माहीत होतं.

परदेशी_पाहुणी

बापरे, म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या लग्नांचे सूत्रधार तुरुंगात गेले असते.

तिकीटवेडा

वकीलसाहेबांच्या कलम ८८ वरून तारेने मनीऑर्डर आठवली. तारेने मनीऑर्डर १८८४ पासून होती. नेहमीचं कमिशन (पंचवीस रुपयांपर्यंत चार आणे), त्यावर तारेचे शब्दांप्रमाणे पैसे आणि वर दोन आण्यांची जादा फी. कमाल रक्कम सहाशे रुपये. पैसे देताना घेणाऱ्याची ओळख पटवावी लागायची, कारण वर सांगितलं तेच.

निशिगंध_ठाणे

वेळेचा प्रश्न राहिला. रात्री तार करायची वेळ आली तर? ऑफिस बंद असेल ना?

चौकस_काका

त्याचाही दर होता! विसाच्या दशकातल्या दरपत्रकात तो आहे. बंद वेळेत तार घ्यायची तर ती एक्स्प्रेसच असायला हवी. त्यावर पाठवणारं किंवा घेणारं, कोणतंही एक ऑफिस बंद असेल तर एक रुपया जादा. दोन्ही बंद असतील तर दोन रुपये. मधल्या एखाद्या बंद ऑफिसातून तार पुढे न्यावी लागली तर त्या प्रत्येकाचा आणखी एक रुपया. म्हणजे मध्यरात्री एका लहान गावाहून दुसऱ्या लहान गावाला तार: दीड रुपया तारेचा, दोन रुपये झोपमोडीचे. साडेतीन.

आणि वेळेवरून आणखी एक गंमत. १९०५ पर्यंत देशभरची तार ऑफिसं मद्रास वेळेवर चालायची. मद्रास वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे. समजा मद्रासला १० वाजून २० मिनिटांनी दिलेली तार वीस मिनिटांत मुंबईला हातात पडली, तर घेणाऱ्याच्या खिशातल्या घड्याळात वाजलेत १० वाजून १०. तार पाठवायच्या दहा मिनिटं आधी पोचली! १९०५ च्या जुलैत तार आणि रेल्वे नव्या प्रमाणवेळेवर गेल्या, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाहीच. तिथला फरक तीस मिनिटांऐवजी एकोणचाळीस मिनिटांचा झाला.

कडकट्ट

म्हणून तारेचा शिपाई पावतीवर सही घेताना वेळही लिहून घ्यायचा. 'कोणत्या घड्याळाची' हा प्रश्न मुंबईत वाद घालायला कायम हजर.

सिंदबाद

काका, त्याच दरपत्रकात बोटीला झेंड्यांनी खुणा करून तार द्यायची सोय होती ना? माझं नावच सिंदबाद, ते सांगा.

चौकस_काका

होती. किनाऱ्यावरच्या खुणांच्या ठाण्यापर्यंत तार नेहमीच्या दराने. तिथून समोरून जाणाऱ्या बोटीला झेंड्यांनी किंवा सेमाफोरने (हलत्या दांड्यांच्या खुणांनी) मजकूर कळवायचे दर तारेला आठ आणे जादा. उलट बोटीवरून किनाऱ्याला कळवायचं तरी तेच आठ आणे. नावेने नेऊन द्यायची असेल तर नावेचं भाडं प्रत्यक्षात लागेल तेवढं. त्याला ठरलेला दर नाही, कोळ्याशी घासाघीस करायची.